मुंब्रा बायपासच्या चढावर ट्रकच्या इनटेकची (इंजिनात शिरणारी) हवा ९० अंशांच्या वर जाते आणि गाडी पॉवर कापते. टर्बो बदलायचा की आधी काय तपासायचं?

तळोजा_ट्रेलर

गाडी बीएस६ ट्रॅक्टर-ट्रेलर आहे. सहा सिलिंडर, टर्बो (हवा दाबून भरणारा) आणि इंटरकूलर (ती दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी), ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि युरिया दोन्ही. काम जेएनपीटीवरून भरलेला ४० फुटी कंटेनर उचलून कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव असं भिवंडीला सोडायचं.

मोकळ्या रस्त्यावर ५०-५५च्या वेगात काही त्रास नाही. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रांगत आलो आणि लगेच बायपासचा चढ लागला की अर्ध्या चढात इंजिनचा दिवा लागतो, गाडी ओढायची बंद होते, दोन गिअर खाली टाकावे लागतात. उतार लागून पाच-सात मिनिटं गेली की आपोआप ठीक होते. स्कॅनरवर कोड एसपीएन (कुठलं मोजमाप) १०५, एफएमआय (दोषाचा प्रकार) १६ दिसतं. लाइव्ह डेटामध्ये त्या वेळी इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) तापमान ९२, कूलंट (इंजिनचं पाणी) ९३-९४ स्थिर, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) १.५ बार.

काळा धूर अजिबात नाही. मात्र डीपीएफचं (काजळी अडवणारा फिल्टर) रिजन, म्हणजे अडकलेली काजळी जाळून काढणं, गाडी पूर्वीपेक्षा लवकर लवकर मागते आणि युरियाही जास्त जातोय. एअर फिल्टर नवा आहे, इंडिकेटर हिरवा आहे. पाणी तापत नाही म्हणून रेडिएटरला हात लावलेला नाही. एका वर्कशॉपने टर्बो कमजोर झालाय, बदला असं सांगितलंय. खर्च मोठा आहे, त्यामुळे आधी नक्की कशाने होतंय ते कळायला हवं. क्रमाने काय काय बघू?

उरणफाटा_डिझेल

दादा, टर्बोचं थांबवा. तुमच्या लिहिण्यात एक ओळ आहे, "पाणी तापत नाही म्हणून रेडिएटरला हात लावलेला नाही". तपास तिथूनच सुरू करायचा.

पाण्याला थर्मोस्टॅटचा (पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) आडोसा असतो. रेडिएटरची ताकद पंधरा-वीस टक्के घटली तरी थर्मोस्टॅट जास्त उघडतो, फॅन जास्त वेळ चालतो आणि मीटरवर ९३ तेच राहतं. इंटरकूलरच्या हवेला असा कुठलाच आडोसा नाही. जाळीतून जाणारा वारा कमी झाला की त्याच क्षणी इनटेकचं तापमान चढतं. म्हणून कूलिंग पॅक (एकामागे एक लावलेल्या या जाळ्या) तुंबायला लागला की पहिली तक्रार हवेची येते, पाण्याची नंतर. कधी कधी तर येतच नाही, कारण त्याआधीच ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पॉवर कापतो आणि इंजिनवरचा भार कमी होतो.

धूर नाही यावर विसंबू नका. डीपीएफ असलेल्या गाडीत हवा कमी पडून झालेली काजळी सगळी फिल्टरमध्येच अडकते, सायलेन्सरच्या तोंडाशी काही दिसत नाही. तीच काजळी रिजन वाढवते. इनटेक गरम म्हणजे जळण्याचं तापमान जास्त, म्हणजे नॉक्स (युरियाने मारायचा विषारी वायू) जास्त, म्हणजे युरिया जास्त. तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत.

आणखी एक. केबिन टिल्ट होणाऱ्या गाड्यांमध्ये केबिनमागचा हवेचा खांब (हवा आत घेणारा उभा पाइप) केबिनला असतो आणि फिल्टर चॅसिसला. मधे रबरी भाता असतो, केबिन खाली बसली की तो दाबून बसतो. त्याची खालची कड फाटली किंवा दुमडली तर इंजिन बाहेरची हवा सोडून रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतं. केबिन उचलून त्या कडेवरून बोट फिरवा. चीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. आतल्या बाजूला धुळीची रेघ उमटली असेल तर तिथून हवा जातेय हे नक्की.

इंजिनबेंच_ठाणे

भाता बघाच, पण फक्त त्याच्यामुळे ९२ होणार नाही. हिशेब खाली देतो.

असल्या तक्रारीत भाग बदलत बसण्यापेक्षा एकाच चढावर, एकाच वेळी चार आकडे घ्या: बाहेरच्या हवेचं तापमान, टर्बोतून निघालेल्या हवेचं, इंटरकूलरमधून निघालेल्या हवेचं आणि मॅनिफोल्डचं. या चार आकड्यांवरून टर्बो, इंटरकूलर, ईजीआर आणि सेन्सर यांतला दोषी बऱ्यापैकी वेगळा काढता येतो.

मॅनिफोल्डचा आकडा स्कॅनर देतो. काही गाड्यांत इंटरकूलरनंतरचा आकडाही मिळतो, एसपीएन २६३० शोधा. टर्बोनंतरचा असेल तर एसपीएन २६२९. नसतील तर के-टाइप थर्मोकपलच्या (टोकाशी तापमान मोजणाऱ्या) दोन वायरी आणि दोन चॅनेलचं मीटर घ्या. इन्फ्रारेड गन इथे कामाची नाही. एक तर चालत्या गाडीत केबिनखाली ती धरता येत नाही, आणि दुसरं म्हणजे चकचकीत ॲल्युमिनियम पाइपवर ती खूप कमी आकडा दाखवते. उभ्या गाडीत वापरायचीच असेल तर पाइपवर सायलेन्सरला मारतात तो काळा मॅट रंग रुपयाएवढा मारून त्यावर रोखा.

थर्मोकपलचं टोक पाइपच्या धातूच्या भागावर होज क्लॅम्पने घट्ट दाबा. रबरावर नको. वरून ग्लासवूलची पट्टी गुंडाळा, नाहीतर फॅनचा वारा लागून आकडा खाली येतो. वायर फॅन आणि एक्झॉस्टपासून लांब, केबल टायने बांधत केबिनमध्ये आणा. पृष्ठभागाचा आकडा आतल्या हवेपेक्षा काही अंश कमीच येतो, पण सगळीकडे एकाच पद्धतीने घेतला तर तुलनेला चालतो.

बाहेरचं तापमान डॅशबोर्डवरचं घेऊ नका. ट्रॅफिकमध्ये तो सेन्सर पुढच्या गाडीच्या धुराने आणि रस्त्याच्या झळेने तापलेला असतो. साधा थर्मामीटर केबिनच्या सावलीच्या बाजूला, इंजिनपासून लांब ठेवा.

चढ पूर्ण भाराने, फॅन चालू असताना घ्यायचा. एसी एकदा चालू ठेवून, एकदा बंद ठेवून. आकडे इथे टाका, पुढचं सांगतो.

स्कॅनर_कळंबोली

कोडबद्दल थोडं. एसपीएन १०५ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचं तापमान. त्याच्यापुढचा एफएमआय महत्त्वाचा. १५, १६ आणि ० म्हणजे आकडा विश्वासार्ह आहे, फक्त मर्यादेच्या वर गेलाय: १५ सौम्य, १६ मध्यम, ० गंभीर. ३ म्हणजे सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. तुमच्याकडे १६ आहे, म्हणजे ईसीयूला तरी वायरिंगचा संशय नाही.

तरी सेन्सर बाजूला काढायचा असेल तर सर्वात सोपी परीक्षा पहाटेची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चावी फक्त ऑन करा, स्टार्ट करू नका. कूलंट, मॅनिफोल्ड आणि बाहेरची हवा हे तिन्ही आकडे एकमेकांच्या ३-४ अंशांत यायला हवेत. मॅनिफोल्ड एकटाच दहा अंश वर असेल तर सेन्सर काढून मल्टिमीटरवर घ्या. बॉशच्या नेहमीच्या एनटीसी प्रकाराचा (तापला की रोध घटणारा) असेल तर २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम, ४० ला १.२ किलोओहमच्या आसपास, ८० ला ३२० ओहमच्या जवळ आणि १०० ला १८५-१९० ओहम. दुसरा प्रकार असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधला तक्ता घ्या.

पावसाळ्यानंतर पुष्कळ जण कनेक्टरच्या पिना गंजल्या म्हणून इनटेक गरम दाखवतंय असं म्हणतात. तसं होत नाही. गंजाने सर्किटचा रोध वाढतो, आणि एनटीसीमध्ये रोध वाढला म्हणजे ईसीयूला हवा थंड वाटते. उलट कनेक्टरमध्ये पाणी शिरून दोन पिनांमध्ये गळती झाली तर रोध घटतो आणि आकडा खोटा गरम दिसतो. तेव्हा गंज सोडा, ओल शोधा.

ईजीआर असलेल्या गाड्यांत सेन्सरच्या टोकावर काजळी आणि तेलाचा थर बसतो. त्याने आकडा चुकत नाही, उशिरा हलतो. चढ संपल्यावरही बराच वेळ ९० दिसत राहिला तर तो थर बघा. इलेक्ट्रिकल क्लीनर मारून सुकू द्या. टोकाला तार किंवा ब्रश लावू नका.

तळोजा_ट्रेलर

आकडे घेतले. दुपारी, भरलेली गाडी, बायपासचा चढ, इंजिन १८००-१९०० आरपीएम, पूर्ण भार.

एसी बंद: बाहेर ३६, टर्बोनंतर १६८, इंटरकूलरनंतर ८४, मॅनिफोल्ड ९२. बूस्ट १.५. कूलंट ९४.
एसी चालू: इंटरकूलरनंतर ८८, मॅनिफोल्ड ९६, मग पॉवर कापली.
जेएनपीटी रोडवर सपाटीला ५५च्या वेगात, एसी बंद: इंटरकूलरनंतर ५९, मॅनिफोल्ड ६७.

पहाटेचे तिन्ही आकडे २७, २८, २७ आले. भात्याची खालची कड एका बाजूने साधारण चार बोटं फाटलेली निघाली, नवा मागवलाय. हे आकडे भाता बदलायच्या आधीचे आहेत.

इंजिनबेंच_ठाणे

आकडे छान घेतलेत. एकेक करून बघू.

टर्बो. बूस्ट १.५ बार म्हणजे बाहेरच्या दाबाच्या अडीच पट दाब. २.५ चा ०.२८६ घात काढला की १.३० येतो. हवा ३६ अंश म्हणजे ३०९ केल्विन. त्याच्या ०.३० पट म्हणजे ९३ अंश. इतकी वाढ आदर्श टर्बोतही होणारच, हवा दाबली की तापते. तुमच्याकडे वाढ झाली १३२ अंशांची. ९३ भागिले १३२ म्हणजे ७० टक्के. फाटक्या भात्यातून थोडी गरम हवा जात असणार हे धरलं तर टर्बोची खरी कार्यक्षमता याहून चांगलीच असेल. चालत्या ट्रकच्या टर्बोतल्या कॉम्प्रेसरला (हवा दाबणारा भाग) ७० टक्के हा निरोगी आकडा आहे. टर्बो खरंच गेला असता तर एक तर बूस्ट मिळाला नसता, किंवा तेवढ्याच बूस्टला टर्बोनंतरचा आकडा २०० च्या पुढे गेला असता. टर्बो बदलू नका.

ईजीआर आणि मॅनिफोल्ड. इंटरकूलरनंतर ८४, मॅनिफोल्ड ९२, फरक ८. थंड केलेला एक्झॉस्ट थोडा मिसळला की इतका फरक पडतोच. सपाटीवरही ८च आहे. व्हॉल्व्ह उघडा अडकला असता किंवा ईजीआर कूलर आतून काजळीने बंद झाला असता तर हा फरक वीस-तीसवर गेला असता. खात्री हवी असेल तर स्कॅनरवरून ईजीआर बंदची कमांड देऊन फरक दोन-तीन अंशांवर येतो का बघा. बीएस६ गाडीत प्लेट लावून ईजीआर बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बेकायदा तर आहेच, नॉक्सचा कोड येऊन पॉवर पुन्हा कापली जाते आणि युरियाची सगळी गणितं बिघडतात.

आता इंटरकूलर. त्याची कार्यक्षमता म्हणजे त्याने किती अंश उतरवले भागिले जास्तीत जास्त किती उतरवता आले असते. १६८ वजा ८४ म्हणजे ८४. १६८ वजा ३६ म्हणजे १३२. भागाकार ६४ टक्के. नीट वारा मिळणारा चांगला एअर-टू-एअर इंटरकूलर ८० ते ८५ टक्के देतो. ८५ टक्के असता तर तुमचा आकडा ८४ ऐवजी ५६ आला असता. बऱ्याच इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण भाराला बाहेरची हवा आणि मॅनिफोल्ड यांतला फरक २८ अंशांच्या आसपास असावा असं दिलेलं असतं. तुमचा ५६ आहे.

५६ आणि ८४ यांत दिसायला २८ अंश. तेवढ्याच बूस्टला सिलिंडरमध्ये जाणारी हवा मात्र ८ टक्के कमी होते. डिझेल तेवढंच पडतं, त्यामुळे एक्झॉस्ट गरम होतो, काजळी वाढते. ईसीयू पॉवर कापतो तो व्हॉल्व्ह आणि टर्बाइन वाचवायला.

भात्याचा हिशेब राहिला. फाटक्या भात्यातून आत जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा २० अंश गरम झाली असं धरा. टर्बोनंतर ती साधारण २८ अंशांनी वर जाईल. ८५ टक्क्यांचा इंटरकूलर त्यातले बहुतेक खाऊन टाकतो आणि पुढे फक्त ४-५ अंश जातात. तुमचा ६४ टक्क्यांचा इंटरकूलर मात्र दहा अंश पुढे सोडतो. म्हणून भाता बदलाच, पण आजार तो नाही.

सपाटीवर ५९ येतं म्हणजे वाहत्या वाऱ्यात इंटरकूलर बरं काम करतोय. चढावर, कमी वेगात, फक्त फॅनच्या वाऱ्यावर तो हरतो. एसी चालू केला की कंडेन्सरची (पुढे लावलेली एसीची जाळी) गरम हवा त्याच्या अंगावर येऊन आणखी ४ अंश वाढतात. यावरून इंटरकूलरच्या आत साचलेल्या तेलाचा दोष मागे पडतो आणि बाहेरचा वारा पुढे येतो: जाळ्या तुंबल्यात, फॅन घसरतोय, किंवा गरम हवा फिरून पुढे येतेय. बहुधा एकाहून जास्त.

पॅक उघडायच्या आधी एक गळती चाचणी उरकून घ्या. इंटरकूलरची दोन्ही तोंडं प्लगने बंद करा, प्लगना साखळी किंवा तारेने बांधा. हे टाळू नका, २ बारला सुटलेला प्लग जीवघेणा असतो. ३० पीएसआय हवा भरून व्हॉल्व्ह बंद करा. १५ सेकंदांत ५ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाच्या पाण्याने जागा शोधा. होजचे सांधे वेगळे तपासा. सिलिकॉन होजचा आतला थर तेलाने फुगून सुटतो आणि बाहेरून होज नवा दिसतो, म्हणून होज काढून आत बोट घाला. सुटलेला थर भाराखाली आत दबतो आणि वाट अरुंद करतो. इंटरकूलरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजलात तर पूर्ण भाराला ०.२ बारपेक्षा जास्त फरक नको.

रेडिएटर_तुर्भे

पुढचं मी सांगतो, हे रोजचं काम आहे.

समोरून जाळी बघून स्वच्छ आहे म्हणू नका. पुढे कंडेन्सर, मग इंटरकूलर, मग रेडिएटर, मग फॅन. घाण बसते ती इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत. तिथे समोरून पाणी मारलं तर ती रेडिएटरच्या पट्ट्यांत आणखी घट्ट बसते. बंदराची धूळ, सिमेंट, कंटेनरमधून उडालेला कापूस, आणि इंजिनच्या ब्रीदरचा (इंजिनच्या पोटातली वाफ सोडणारी नळी) तेलकट धूर एकत्र आला की त्याची पेंड होते. ती पेंड नुसत्या हवेने निघत नाही.

पद्धत अशी. कंडेन्सरचे बोल्ट काढून गॅसचे पाइप न उघडता तो बाजूला कलता ठेवा. इंटरकूलरचे वरचे ब्रॅकेट सोडा, दोन्ही होज काढा, तोंडांना कापड नको, प्लास्टिकच्या टोप्या लावा. इंटरकूलर बाहेर घ्या. आता रेडिएटरचा चेहरा दिसेल. फॅनच्या बाजूने टॉर्च लावून पुढून बघा. प्रकाश कुठे येतो, कुठे नाही, ते खडूने आखा.

सुकी धूळ आधी हवेने, २-३ बार दाब, नोझल एक फूट लांब, पट्ट्यांना काटकोनात, फॅनकडून पुढे. म्हणजे घाण ज्या वाटेने आली त्या वाटेने बाहेर. मग ॲल्युमिनियमला चालणारं डिग्रीझर फवारून पंधरा मिनिटं मुरू द्या, सुकू देऊ नका. नंतर साध्या नळाच्या पाइपने त्याच दिशेने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला की पट्ट्या झोपतात आणि झोपलेली पट्टी म्हणजे कायमची बंद वाट. कॉस्टिकचं पाणी कुठल्याही परिस्थितीत नको, ते घाणीबरोबर ॲल्युमिनियम खातं. वाकलेल्या पट्ट्या फिन कंगव्याने सरळ करा. पुन्हा टॉर्च. खडूच्या खुणांमध्ये प्रकाश आला पाहिजे.

उरणच्या बाजूला वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्यांत एक वेगळा रोग असतो. खाऱ्या हवेने पट्ट्यांवर पांढरी भुकटी येते आणि पट्टी नळीपासून सुटते. अशी जाळी धुऊन चकाचक दिसते, टॉर्चचा प्रकाशही आरपार येतो, पण नळीची उष्णता पट्टीत उतरतच नाही. नखाने हलकेच ओढून बघा. पट्ट्या पापडासारख्या चुरल्या तर गाभा बदलण्याशिवाय इलाज नाही.

इंटरकूलर बाहेर काढलाच आहे तर उभा करून तासभर ठेवा. आत तेलाचा ओशट हात चालतो. पाव लिटर तेल गळलं तर टर्बोचा सील आणि ब्रीदरचा फिल्टर बघितल्याशिवाय परत बसवू नका. आतून धुवायचं असेल तर बनवणाऱ्याने सांगितलेलंच द्रावण, आणि रात्रभर पूर्ण सुकवून. आत उरलेलं द्रावण किंवा साचलेलं तेल हे इंजिनला डिझेलसारखंच. स्टार्ट केल्यावर इंजिन त्यावर पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही.

परत बसवताना सगळ्यात जास्त विसरली जाते ती कडेची रबरी पट्टी आणि स्पंज. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या भोवतीच्या फटी या पट्ट्या बंद करतात. त्या नसतील तर फॅन जाळीतून हवा ओढायचं सोडून फटीतून, इंजिनकडची गरम हवाच फिरवून ओढतो. रांगत्या ट्रॅफिकमध्ये हे हमखास होतं. पट्टी मिळाली नाही तर दारांना लावतात ती रबरी बीडिंग रिव्हेट मारून लावा. फॅनच्या शेंड्याला घासणार नाही एवढं बघा.

महापे_युटिलिटी

याच विषयाला धरून विचारतो. आमच्याकडे साउंडप्रूफ खोलीत ५०० केव्हीएचा जनरेटर आहे, एअर-टू-एअर इंटरकूलर, रेडिएटर त्याच्यावरच. लोड टेस्टला पहिली वीस मिनिटं इनटेक ५५-५८ आणि मग हळूहळू चढत ७५ वर जातो. जाळ्या धुतलेल्या आहेत. फॅन पट्ट्यावरचा, म्हणजे क्लच नाही.

इंजिनबेंच_ठाणे

हळूहळू चढतोय म्हणजे खोली तापतेय. ट्रकला जे चढावर होतं ते जनरेटरला चार भिंतींत होतं. तीन जागी तापमान घ्या: बाहेर सावलीत, हवा आत येणाऱ्या लुव्हरशी (तिरप्या पात्यांची खिडकी), आणि रेडिएटरच्या इंजिनकडच्या बाजूला, म्हणजे जिथून हवा जाळीत शिरते तिथे. बाहेर आणि लुव्हर यांतच फरक पडत असेल तर बाहेर फेकलेली गरम हवा वळून आत येतेय. आत आणि बाहेर जाण्याची तोंडं एकाच भिंतीत किंवा एकाच बोळात असली की हे होतं. लुव्हरशी थंड आणि जाळीशी गरम असेल तर रेडिएटर आणि बाहेरची डक्ट यांच्यामधला कॅनव्हास फाटलाय का बघा.

बाहेर जाण्याच्या वाटेचं क्षेत्रफळ रेडिएटरच्या गाभ्याच्या सव्वा ते दीडपट हवं, आत येण्याची वाट दीडपट. साउंडच्या लुव्हरमध्ये पात्यांमुळे मोकळी जागा अर्धीच उरते, ती वजा करून मोजा. रेडिएटर फॅनला साधारण १२-१३ मिमी पाण्याच्या उंचीएवढाच अडथळा चालतो. मॅनोमीटर (दाबमापक) लावा, आकडा वर गेला तर लुव्हरच्या आत अडकलेली धूळ आणि पिशव्या काढा.

इंजिन पाण्याच्या आफ्टरकूलरवालं (इंटरकूलरची हवा पाण्याने थंड करणारं) असतं तर उत्तर वेगळं असतं. इंजिनच्या जॅकेटचंच ८५-९० अंशांचं पाणी आफ्टरकूलरमधून जात असेल तर हवा त्याच्या खाली येऊच शकत नाही, तिथे वेगळी कमी तापमानाची फेरी आणि तिचा पंप तपासायचा.

तळोजा_ट्रेलर

काम झालं. गळती चाचणीत १५ सेकंदांत २ पीएसआय उतरला. मधल्या फटीत, खालच्या एक तृतीयांश भागात, पेंड होती तशीच जशी सांगितली होती. प्रकाश जराही येत नव्हता. उजवीकडची रबरी पट्टी पूर्ण गायब होती. जाळीच्या पट्ट्या भक्कम आहेत, भुकटी नाही. इंटरकूलरमधून दोन चमचे तेल निघालं. नवा भाता, नवी बीडिंग.

त्याच चढावर, एसी बंद: बाहेर ३५, टर्बोनंतर १६४, इंटरकूलरनंतर ६६, मॅनिफोल्ड ७४. कोड आला नाही, पॉवर कापली नाही. रिजनचं अंतर वाढलंय. पण माझ्या हिशेबाने कार्यक्षमता ७६ टक्केच येते. एसी लावून ट्रॅफिकमधून थेट चढ घेतला की मॅनिफोल्ड पुन्हा ८० पार करतो. स्कॅनरवर फॅनची कमांड १०० टक्के, फॅनचा वेग एसपीएन १६३९ वर १२५० दिसतो, इंजिन १९००.

इंजिनबेंच_ठाणे

मग उरलेलं फॅनमध्ये आहे. पुली इंजिनच्या बरोबरीने फिरते असं धरलं तरी १०० टक्के कमांडला फॅन १६०० च्या वर हवा. चांगला व्हिस्कस हब (सिलिकॉन तेलाच्या पकडीने फॅन फिरवणारा क्लच) पूर्ण जोडल्यावर दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त घसरत नाही. तुमचा तिसऱ्या भागाहून जास्त घसरतोय. फॅनचा वेग तिसऱ्या भागाने पडला की वाराही तेवढाच पडतो, आणि रांगत्या गाडीला दुसरा वारा नसतो.

इंजिन बंद, चावी काढलेली, आणि मगच हात घाला. हबच्या पुढच्या तोंडावर आणि बेअरिंगच्या कडेला तेलकट, धूळ चिकटलेली रेघ आहे का बघा. सिलिकॉन तेल गळलं की तशी रेघ उमटते आणि ते परत भरून भागत नाही, हब बदलावा लागतो. रेघ नसेल तर सॉलेनॉइडचा (कमांडने हब जोडणारी विजेची झडप) कनेक्टर आणि वायर बघा. ती हबजवळच्या ब्रॅकेटवर घासते. फॅन पुढेमागे हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का तेही घ्या. गरम इंजिन बंद केल्याकेल्या फॅन हाताने फिरवल्यावर अडखळत फिरला पाहिजे, मोकळा दोन-तीन वेढे गेला तर जोड सुटलेली आहे.

रेडिएटर_तुर्भे

हब आणताना टेम्पोत आडवा टाकू देऊ नका, आणि बसवेपर्यंत गॅरेजमध्येही उभाच ठेवा. आडव्या हबमधलं तेल एका कप्प्यात उतरतं, बेअरिंगमध्येही जातं. पात्याचे शेंडे आणि श्राउड (फॅनभोवतीचं कडं) यांच्यामधली फट सगळीकडे सारखी आहे का तेही त्याच वेळी बघा. इंजिनचं माउंटिंग बसलं की फॅन खाली येतो आणि वरची फट रुंदावते, मग नवा हबही वरच्या बाजूने हवा नुसती घुसळतो.

बसवल्यावर तेच चार आकडे, एसी चालू ठेवून, ट्रॅफिकमधून थेट चढावर घ्या आणि फॅनचा वेगही लिहा. फॅन १६०० च्या वर फिरूनही इंटरकूलर ८० टक्क्यांच्या खाली राहिला तर तो आतून धुवायला काढू.